उद्याच्या चित्रातला कामगार



विज्ञानकथा आणि भविष्याची स्वप्ने हा विषय वास्तविक एखाद्या प्राध्यापकाकडे जावयाचा. माझे शालेय शिक्षण दहावीत संपले. पुढे जे काही वाचन झाले ते नगरवाचनालयाच्या कपाटांतून आणि युनियनच्या कचेरीतल्या रिकाम्या दुपारी. तेव्हा साहित्याच्या कसोट्या लावून या कथांची प्रतवारी करणे मला जमणार नाही आणि तसा आव मी आणणार नाही. परंतु एक गोष्ट मी गेली तीस वर्षे करीत आलो आहे : कामगारांची मागणीपत्रके लिहिणे. आणि मागणीपत्रक ही देखील एका अर्थाने भविष्यकथाच असते. आज जे नाही ते उद्या असावे, असे त्यात लिहिलेले असते. आणि समोरचा मनुष्य ते वाचून, हे अशक्य आहे, असेच प्रथम म्हणतो.

या सवयीमुळे भविष्याचे कोणतेही चित्र समोर आले की मी त्याला तीन साधे प्रश्न विचारतो. या जगात काम कोण करतो? किती तास करतो? आणि यंत्र कोणाच्या मालकीचे आहे? गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत लोकांनी उद्याची जी चित्रे रंगविली त्यांचा इतिहास मी आज या तीन प्रश्नांच्या आधारे आपल्यापुढे ठेवणार आहे.

बेटावरून कॅलेंडरवर

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, सुखी जग पुढे आहे ही कल्पनाच फार जुनी नाही. आपल्याकडे सत्ययुग मागे पडलेले आणि कलियुग पुढे चाललेले. रामराज्य हवे असेल तर ते परत आणावयाचे. युरोपातही चांगले जग असे ते कुठेतरी दूर, समुद्रापलीकडे. टॉमस मोरने १५१६ साली ‘युटोपिया’ लिहिले ते एका बेटाविषयी. त्या बेटावर प्रत्येकाने रोज सहा तास काम करावयाचे. बाकीचा वेळ विद्या आणि विश्रांती यांसाठी. पाचशे वर्षांपूर्वीचा हा सहा तासांचा आकडा आपण लक्षात ठेवावा.

बेट सोडून सुखी जग कॅलेंडरवर आले ते अठराव्या शतकात. लुई सेबास्तिएं मर्सिए या फ्रेंच लेखकाने १७७१ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला मनुष्य झोपी जातो आणि जागा होतो तो २४४० सालच्या पॅरिसमध्ये. वरवर पाहता फरक लहान आहे, पण परिणाम मोठा. बेटावर जाण्यासाठी जहाज लागते आणि जहाजाचे भाडे सर्वांपाशी नसते. २४४० साली पोहोचण्यासाठी मात्र कुणालाही तिकीट काढावे लागत नाही. सारे शहर तिकडेच चाललेले असते. पुढे वाफेचे यंत्र आणि आगगाडी आली, आणि आजोबांचे जग व नातवाचे जग एकसारखे राहत नाही हे माणसाला डोळ्यांनी दिसू लागले. त्यानंतर भविष्यकथेचे पीक जोमाने आले.

बॉस्टन, हॅमरस्मिथ आणि परळ

१८८८ साली अमेरिकेत एडवर्ड बेलामी यांची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी निघाली आणि तिच्या लक्षावधी प्रती खपल्या. तिचा नायक ज्युलियन वेस्ट हा बॉस्टनचा सुखवस्तू तरुण. १८८७ साली त्याचे लग्न लांबले आहे, कारण त्याच्या नव्या घराचे बांधकाम कामगारांच्या संपांमुळे रखडले आहे! त्या संपांवर तो मनापासून चिडलेला आहे. असा हा मनुष्य झोपतो आणि सन २००० मध्ये उठतो. तेव्हा संप नाहीत, मालक नाहीत, पैसाही नाही. सारे उद्योग राष्ट्राचे झालेले. प्रत्येकाने वयाच्या एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत काम करावयाचे, आणि वर्षाच्या आरंभी सर्वांच्या नावे सारखीच रक्कम जमा व्हावयाची. ती खर्च करण्यासाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड; बेलामीने त्याला ‘क्रेडिट कार्ड’ हाच शब्द वापरला आहे. कार्ड आले, पंचेचाळिसाव्या वर्षीची निवृत्ती मात्र वाटेतच राहिली.

त्या कादंबरीतली एक तरतूद मला फार आवडते. जे काम जड किंवा नकोसे असेल त्याचे तास कमी करावयाचे. इतके कमी, की त्या कामालाही पुरेसे लोक आपण होऊन पुढे येतील. खाणीतल्या माणसाला थोडे तास, सोप्या कामाला जास्त. आपल्याकडे गटारात उतरणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब कसा लागतो ते आपण जाणताच.

बेलामीचे चित्र सर्वांनाच रुचले नाही. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस हे कवी, छपाईचे आणि विणकामाचे जाणकार, शिवाय समाजवादी चळवळीतले कार्यकर्ते. बेलामीच्या जगात माणूस पलटणीतल्या शिपायासारखा काम करतो आणि काम संपण्याची वाट पाहतो, हे त्यांना खटकले. त्यांनी १८९० साली आपल्या ‘कॉमनवील’ या पत्रातून ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ ही कथा क्रमशः लिहिली. तिच्यात हॅमरस्मिथला झोपलेला मनुष्य जागा होतो तो स्वच्छ टेम्स नदीच्या काठी. पार्लमेंटच्या इमारतीत आता शेणखताचा बाजार भरतो. लोक घरे बांधतात, गवत कापतात, नक्षी कोरतात, कारण त्यात त्यांना आनंद आहे. आणि हे सारे आपोआप झालेले नाही. ट्रॅफल्गर चौकातला गोळीबार, त्यानंतरचा सार्वत्रिक संप, हे सगळे मॉरिस यांनी एका स्वतंत्र प्रकरणात सांगितले आहे आणि त्या उलथापालथीचे साल दिले आहे १९५२. म्हणजे बेलामीच्या कथेत संप ही आडकाठी होती, तर मॉरिस यांच्या कथेत तो दरवाजा आहे.

आता याच काळात आपल्याकडे काय चालले होते? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या कोणत्या? आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पगार वेळेवर. मालकांच्या दृष्टीने हीदेखील विज्ञानकथाच होती. परंतु १० जून १८९० रोजी आठवड्याची सुटी मान्य झाली. ज्या वर्षी मॉरिस नसलेल्या देशाची खबर लिहीत होते त्याच वर्षी परळ-गिरणगावात रविवार जन्माला आला. या दोन घटनांना जोडणारे पत्र कुणी लिहिले नव्हते. परंतु दोन्हींच्या मुळाशी उद्याचा दिवस आजच्यासारखा असण्याचे कारण नाही हा एकच विचार होता.

चक्रवाढ व्याज आणि दोन तासांचे काम

यानंतर स्वप्नाला भीतीची किनार लागू लागली. एच. जी. वेल्स हे लहानपणी कापडाच्या दुकानात उमेदवार होते. रोज तेरा तासांची राबणूक त्यांनी सोसली होती. त्यांची आई एका मोठ्या वाड्यात कामाला होती, आणि त्या वाड्यात नोकरमाणसांनी मालकांच्या दृष्टीस पडू नये म्हणून जमिनीखालून वाटा काढलेल्या होत्या. १८९५ च्या ‘द टाइम मशीन’मध्ये वेल्स आपल्याला ८,०२,७०१ या सालात नेतात. वर उजेडात नाजूक, निरुद्योगी इलॉय. खाली अंधारात यंत्रे चालविणारे मॉरलॉक. मालक आणि मजूर यांतले अंतर वाढत वाढत शेवटी माणसाच्या दोन जाती झाल्या, आणि रात्री खालचे वरच्यांना खातात. जमिनीखालची ती नोकरांची वाट आठ लाख वर्षे लांब केली म्हणजे ही गोष्ट होते.

वेल्स यांची १८९९ ची ‘व्हेन द स्लीपर वेक्स’ ही कथा आपल्याकडच्या कोणत्याही कुळाला चटकन समजेल. नायक दोनशे तीन वर्षे झोपतो आणि उठतो तेव्हा त्याच्या ठेवीवर व्याज चढत जाऊन तो जवळजवळ साऱ्या पृथ्वीचा धनी झालेला असतो. बाकीची माणसे निळे कपडे घालून कंपनीच्या चाकरीत. सावकाराच्या वहीत जे एका गावाचे होते तेच येथे साऱ्या जगाचे झाले आहे.

याच सुमारास आपल्याच देशातून एक निराळे उत्तर आले, आणि ते एका स्त्रीने दिले. बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांना शाळा मिळाली नव्हती. घरातच, भावाच्या मदतीने त्या शिकल्या. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा आली. त्या नगरीत पुरुष पडद्यात आहेत आणि राज्य स्त्रियांचे. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, पाणी फुग्यांच्या योगे ढगांतून खाली आणले जाते. कचेरीचे काम किती वेळ चालते? दोन तास! पुरुष दिवसभर कचेरीत बसत, पण त्यातला बराच वेळ विड्या ओढण्यात जाई, असे तिथली बाई सुलतानेला सांगते. मला यातली थट्टा आवडते, पण त्याहून मोलाचे आहे ते चुलीकडे गेलेले लक्ष. बेलामी, मॉरिस, वेल्स यांच्यापैकी कुणालाही धुराने चुरचुरणारे डोळे इतके आठवले नाहीत. कामाचे तास मोजताना घरातले तास मोजावयाचे असतात हे युनियनच्या लोकांनीही फार उशिरा शिकले.

‘रोबो’ म्हणजे वेठ

आता मी ज्या नाटकावर थोडे थांबणार आहे, ते चेकोस्लोव्हाकियातले. कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले. कृत्रिम कामगाराला नाव काय द्यावे, हे चापेकना सुचत नव्हते. त्यांचे बंधू योसेफ चित्रकार; ते तोंडात कुंचला धरून काम करीत होते. त्यांनी तसेच पुटपुटत सुचविले : रोबोट. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने, मोबदल्याशिवाय करावयाचे काम. मराठीत याला अचूक शब्द आहे : वेठ. तेव्हा आपण ज्याला यंत्रमानव म्हणतो त्याचे खरे मराठी नाव वेठबिगार असे आहे. त्या शब्दात यंत्र नाहीच. माणसावरची जबरदस्ती तेवढी आहे.

नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीत. एका बेटावरच्या कारखान्यात रासायनिक कृतीने, कणकेसारख्या द्रव्यातून ते बनवितात. कारखान्याच्या मूळ संशोधकाचे नाव रोसुम. चेक भाषेत त्याला ‘बुद्धी’ या शब्दाचा वास येतो. कारखान्याचा प्रमुख डोमिन हा वाईट मनुष्य नाही. तो सांगतो, दहा वर्षांत धान्य, कापड, सर्व काही इतके होईल की किंमतच उरणार नाही, दारिद्र्य जाईल, माणूस केवळ आवडेल ते करील. म्हणजे बेलामीचेच स्वप्न, फक्त कारखानदाराच्या तोंडी. प्रत्यक्षात काय होते? कामगारांच्या जागी रोबो येतात. कामगार उठाव करतात, तर सरकारे त्याच रोबोंच्या हाती शस्त्रे देतात. आणि ज्यांना काही करावयाचेच उरले नाही त्या माणसांच्या घरी मुले जन्मणे थांबते.

मग ल हाव्र बंदरात रोबोंची पहिली संघटना स्थापन होते आणि जगातल्या सर्व रोबोंना उद्देशून पत्रक निघते. हा प्रसंग वाचताना मला हसू आले होते, कारण पत्रकांचे गठ्ठे मीही वाहिले आहेत. परंतु त्यावर डोमिनने योजलेला उपाय वाचून हसू मावळले. तो म्हणतो, यापुढे एकसारखे रोबो करावयाचेच नाहीत. प्रत्येक देशात निराळा कारखाना, निराळ्या रंगाचे, निराळ्या भाषेचे रोबो. म्हणजे ते एकमेकांचा द्वेष करतील आणि एकत्र येणार नाहीत. शंभर वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाक्य आजच्या कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर उभे राहून मी समजावून सांगू शकतो. कायम कामगार, ठेकेदाराचा कामगार, शिकाऊ कामगार. निराळे रंग, निराळे गणवेश.

शेवटी रोबो माणसांना मारतात, पण एकाला सोडतात. अल्क्विस्ट नावाचा बांधकाम पाहणारा वृद्ध. का? तर तो आमच्यासारखा हातांनी काम करतो म्हणून. हाच अल्क्विस्ट आरंभी डोमिनला अडवून म्हणाला होता की, श्रमात आणि थकव्यातही काही चांगले होते. मी त्याच्याशी पूर्णपणे सहमत नाही. थकव्याची थोरवी न थकणाऱ्यांनीच फार गायिली आहे. परंतु काम नुसते ओझे नसते, त्यात माणसाची प्रतिष्ठाही असते, हे त्याचे म्हणणे खोटे म्हणवत नाही.

कारेल चापेक १९३८ च्या नाताळात वारले. योसेफ १९४५ साली बेर्गन-बेल्सेनच्या नाझी छळछावणीत मरण पावले. ज्याने सक्तीच्या श्रमावरून जगाला नवा शब्द दिला, त्याचा अंत कैद्यांना वेठीला धरणाऱ्या राजवटीच्या छावणीत झाला.

पडद्यावरचे शहर आणि जत्रेतले शहर

१९२७ सालच्या जानेवारीत बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा बोलपट नव्हे, मूकपट प्रदर्शित झाला. वर गगनचुंबी मनोरे, खाली कामगारांची वस्ती, घड्याळाच्या काट्यांना लटकलेला मनुष्य. ही चित्रे तेव्हापासून जगाच्या डोळ्यांत बसली आहेत. पटकथा थेआ फॉन हार्बू यांची. त्यांचा पुढे बेळगावकडचे पत्रकार अयि गणपत तेंडुलकर यांच्याशी विवाह झाला, एवढा मराठी धागा सांगून ठेवतो. चित्रपटाचा शेवट असा की, डोके आणि हात यांत हृदयाने मध्यस्थी करावी. कारखानदार आणि मुकादम हस्तांदोलन करतात आणि पडदा पडतो. तास किती झाले, वेतन काय ठरले, करार कुठे आहे, याचा उल्लेख नाही. सहा वर्षांनी, २ मे १९३३ रोजी, नाझींनी जर्मनीतल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि पुढाऱ्यांना अटक केली. लांग यांनी देश सोडला. फॉन हार्बू राहिल्या.

त्याच मूकपटाच्या पुढच्याच वर्षी, एप्रिल ते ऑक्टोबर १९२८, मुंबईचे दीड लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर होते. कारणांत एक ठळक कारण होते : दोनऐवजी तीन माग चालवा. याला तेव्हा ‘रॅशनलायझेशन’ म्हणत. बर्लिनच्या पडद्यावर घड्याळाला लटकलेला मनुष्य आणि परळचा तीन मागांमध्ये धावणारा विणकर हे एकाच पद्धतीचे दोन बळी होत. ही पद्धत, म्हणजे कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजणे, अमेरिकेत टेलर यांनी शास्त्र म्हणून मांडली होती. रशियाचे झाम्यातिन, स्वतः जहाजबांधणीचे इंजिनियर, यांनी १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या ‘वी’ या कादंबरीत टेलरला नव्या राज्याचा ऋषीच करून टाकले. तिथे माणसांना नावे नाहीत, आकडे आहेत. हक्स्ली यांनी १९३२ साली आपल्या कथेत कालगणनाच फोर्डपासून सुरू केली. म्हणजे भांडवलशाही असो वा समाजवादी सत्ता, यंत्राचे वेळापत्रक देवघरात गेले की काय होते, ते या लेखकांनी वेळीच पाहिले.

परंतु सामान्य लोकांनी उद्याचे चित्र पाहिले ते पुस्तकांत नव्हे, जत्रेत. ३० एप्रिल १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये जागतिक प्रदर्शन उघडले. त्याचे घोषवाक्यच ‘उद्याचे जग’. सर्वांत लांब रांग जनरल मोटर्सच्या ‘फ्युचरामा’पुढे. सरकत्या खुर्च्यांत बसून लोक वरून १९६० सालची अमेरिका पाहत : पाच लाख छोटी घरे आणि पन्नास हजार छोट्या मोटारी. बाहेर पडताना प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला, की मी भविष्य पाहिले आहे. दुसऱ्या एका मंडपात ‘इलेक्ट्रो’ नावाचा सात फुटी लोखंडी पुतळा सिगारेट ओढून दाखवी. या झगमगाटाच्या दोनच वर्षे आधी, डिसेंबर १९३६ ते फेब्रुवारी १९३७, त्याच जनरल मोटर्सच्या फ्लिंट येथील कामगारांनी चव्वेचाळीस दिवस कारखान्यातच बसून संप केला होता आणि युनियनला मान्यता मिळविली होती. फ्युचरामाच्या खुर्चीतून मात्र मोटार दिसे, रस्ता दिसे. मोटार जोडणारा दिसत नसे.

माझ्या मते भविष्यचित्रांच्या इतिहासातले खरे वळण हे आहे. बेलामी आणि मॉरिस यांच्या काळी भविष्य म्हणजे माणसामाणसांतले नवे नाते. १९३९ पर्यंत भविष्य म्हणजे विकत घ्यावयाच्या वस्तू झाल्या. ज्याने स्वप्न पाहावयाचे तो नागरिक राहिला नाही, गिऱ्हाईक झाला.

हात नोंदविलेला मनुष्य

१९३० साली अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी एका निबंधात नातवांच्या काळाचा अंदाज बांधला. शंभर वर्षांत उत्पादन इतके वाढेल की दिवसाला तीन तास, आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. ते शंभरावे वर्ष आता दाराशी येऊन ठेपले आहे. उत्पादन वाढले, अंदाजाबरहुकूम वाढले. तास मात्र तसे उतरले नाहीत. आपल्याकडे १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ च्या कायद्याने चोपन्न, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना आणलेल्या विधेयकाने १९४६ साली अठ्ठेचाळीस. त्यानंतर काटा जणू तिथेच अडकला. यंत्राने वाचविलेला वेळ आपण होऊन कामगाराच्या घरी चालत येत नाही, एवढे केन्स यांच्या हिशेबातून गळले होते.

१९४२ साली अॅसिमॉव्ह यांनी रोबोसाठी तीन नियम लिहिले आणि चापेकचा बंडखोर रोबो आज्ञाधारक झाला. १९५२ साली कर्ट व्हॉनेगट यांची ‘प्लेयर पियानो’ ही कादंबरी आली. व्हॉनेगट हे एका मोठ्या विजेच्या कंपनीत प्रसिद्धीखात्यात नोकरी करीत, आणि आपोआप धातू कापणारे यंत्र त्यांनी तिथे पाहिले होते. कादंबरीत रूडी हर्ट्झ नावाचा लेथ चालविणारा कसबी कामगार आहे. तरुण इंजिनियर त्याच्या हातांच्या हालचाली फितीवर नोंदवून घेतात, आणि पुढे ती फीत अनेक लेथ चालविते. रूडी घरी बसतो. पण आपली निवड झाली, साहेबांनी आपल्याला बिअर पाजली, याचा त्याला म्हातारपणीही अभिमान आहे.

ही कादंबरी मी वाचली तेव्हा दचकलो, कारण रूडीला मी भेटलो होतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका इंजिनियरिंग कारखान्यात नवी संगणकावर चालणारी लेथ आली. जुन्या टर्नरला आठवडाभर तिच्यापाशी उभे करून, तो कोणत्या जॉबला किती स्पीड ठेवतो, कट किती घेतो, आवाज बदलला की काय करतो, हे सारे लिहून घेण्यात आले. नंतर त्याची बदली स्टोअरमध्ये झाली. तो कचेरीत येऊन मला म्हणाला, “भाऊ, लेथ भंगारात काढली असती तर मला काही वाटलं नसतं. पण माझं काम माझ्याच तोंडून वदवून घेतलं. त्याचा पैसा नाही तर नाही, पण त्या कागदावर माझं नाव तरी असावं की नाही?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या करारात पगार होता, महागाईभत्ता होता, बूट होते. माणसाच्या हातातल्या विद्येविषयी एक ओळ नव्हती.

येथे मला आमच्या चळवळीचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. १९६० नंतर आयुर्विमा महामंडळात कॉम्प्युटर येऊ लागले तेव्हा मोठी आंदोलने झाली, सरकारने डॉ. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने यांत्रिकीकरणावर करार केला. ही आंदोलने निरर्थक होती असे म्हणणारांशी मी सहमत नाही. त्यांनी अनेकांची भाकर वाचविली. परंतु मी ज्या बैठकांना बसलो त्यांत प्रश्न एकच असे : यंत्र येऊ द्यावयाचे की नाही? येणार असेल तर वाचलेला वेळ कोणाचा, हा प्रश्न क्वचितच निघे. भविष्याचे चित्र काढण्याचे काम आम्ही मालकाच्या जाहिरातखात्यावर सोडले आणि स्वतः केवळ नकार लिहीत राहिलो.

१९८२

१९६१ साली गागारिन अंतराळात गेला आणि त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या एका मोटार-कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला. लोकांना पहिली गोष्ट आठवते, दुसरी नाही. त्या दशकात भविष्य आकाशात होते. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. पुढे तेलाचे भाव भडकले, कारखाने बंद पडू लागले आणि चित्र काळवंडले.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेत ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट आला. त्यात नोव्हेंबर २०१९ चे लॉस एंजेलिस आहे : सतत पाऊस, धूर, प्रचंड जाहिराती, कंपनीचा मनोरा, आणि परग्रहांवर राबण्यासाठी बनविलेले कृत्रिम मानव, ज्यांचे आयुष्य चार वर्षांचे ठेवलेले. चापेकचाच रोबो, फक्त आता त्याला मुदत घातलेली. म्हणजे ठेक्यावरचा. २०१९ साल उजाडले आणि मावळले. उडत्या मोटारी आल्या नाहीत. गिरण्यांच्या जागी मात्र काचेचे मनोरे आणि मॉल उभे राहिले, रात्रभर झगमगणारे फलक आले, आणि त्यांच्या पायथ्याशी पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन मोबाईलच्या हुकुमावर धावणारी मुले आली. त्यांचा मुकादम माणूस नाही, अॅप आहे. त्याच्याशी भांडावयाचे तर कोणत्या दारावर जावे हे त्यांना ठाऊक नसते.

आपल्या मराठीतही या विषयाची जाण आहे. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली; तिच्या १९७४ च्या कथास्पर्धेत डॉ. जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि पहिले पारितोषिक मिळविले. त्यांच्या १९८६ च्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत स्वतःसारखी यंत्रे स्वतःच घडवू शकणाऱ्या यंत्राची भीती आहे. २०२५ साली नारळीकर गेले. त्यांनी मराठी वाचकाला आकाशाकडे पाहावयास शिकविले. त्याच वाचकाला फाटकाच्या आत पाहावयास लावणारी विज्ञानकथाही मराठीत भरपूर यावी, अशी माझी इच्छा आहे.

तारखा गेल्या, प्रश्न उरले

मॉरिस यांचे १९५२, फ्युचरामाचे १९६०, बेलामीचे २०००, ब्लेड रनरचे २०१९; या सगळ्या तारखा आपल्या मागे पडल्या. भविष्यकथांनी वर्तविलेली यंत्रे काही आली, काही आली नाहीत. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी एकही जुना झालेला नाही.

आणि या इतिहासाला अगदी अलीकडचे एक पान आहे. २ मे २०२३ रोजी अमेरिकेतले चित्रपट आणि दूरचित्रवाणीचे लेखक संपावर गेले. १४८ दिवस संप चालला. पैशाच्या प्रश्नांबरोबर एक नवा प्रश्न होता : माणसांनी लिहिलेले वाचून लिहावयास शिकलेले यंत्र उद्या लेखकाच्या जागी बसले तर? म्हणजे ज्यांनी आजवर रोबोच्या गोष्टी लिहिल्या त्यांच्याच दारात रोबो आला होता. त्यांनी यंत्र फोडले नाही. त्यांनी करार केला : यंत्राला लेखक म्हणून श्रेय देता येणार नाही, ते वापरण्याची सक्ती लेखकावर करता येणार नाही, आणि यंत्राने केलेला मजकूर हाती दिल्यास तसे सांगावे लागेल. ती कलमे वाचली तेव्हा मला त्या टर्नरची आठवण झाली. त्याने मागितलेली ती एक ओळ अखेर कुठेतरी लिहिली गेली. दुसऱ्या देशात, दुसऱ्या धंद्यात, वीस वर्षे उशिरा.

गेल्या दिवाळीत आमच्या युनियनने कामगारांच्या मुलांची चित्रकला स्पर्धा घेतली. विषय होता, ‘२०५० सालचे आपले गाव’. बहुतेकांनी उंच इमारती, उडत्या गाड्या आणि रोबो काढले. एका मुलीच्या चित्रात यातले काहीच नव्हते. खिडकीबाहेर चंद्र, आणि आत चौघे जण जेवायला बसलेले. परीक्षकांनी विचारले, “अगं, यात २०५० कुठे आहे?” ती म्हणाली, “बाबा रात्री घरी आहेत ना.” तिच्या वडिलांना कायमची रात्रपाळी आहे.

परीक्षकांनी तिला बक्षीस दिले नाही. मी मात्र ते चित्र मागून घेतले आणि कचेरीत टांगले आहे. पुढच्या महिन्यात आमच्या नव्या मागणीपत्रकाचा मसुदा करावयाचा आहे. तासांचे कलम या वेळी आठव्या क्रमांकावर न ठेवता पहिल्या क्रमांकावर ठेवावे, असे मी सुचविणार आहे. समोरचे, अशक्य आहे, म्हणतील. त्यांना म्हणू द्या. रविवारही अशक्यच होता.